माळ्याचे झरोके आणि नाचणीचं सत्त्व

सत्त्व चांगलं झालंय का हे नुसतं जिभेवर ठेवून कळत नाही. पुढच्या दातांखाली धरून बघावं लागतं. मी चिमूटभर घेतलं, दात दातांवर टेकवले, आणि कचकन् लागलं. वाटलं, भास असेल. दुसऱ्या थाळीतली चिमूट घेतली. तिथेही तेच. तिसऱ्या थाळीपाशी दातांना त्रास द्यायची गरजच पडली नाही, बोटांनाच रेती लागत होती.

आता ज्यांनी कधी नाचणीचं सत्त्व घरी केलेलं नाही त्यांना माझ्या जिवाचा संताप कळायचा नाही, म्हणून सांगते. नाचणी रात्रभर भिजवायची. फडक्यात बांधून मोड आणायचे. मग वाटायची, पाणी घालून गाळायची, राहिलेला चोथा परत वाटायचा, परत गाळायचा, असं तीनदा. ते दूध झाकून ठेवलं की खाली साका बसतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं आणि साका थाळ्यांत पातळ पसरून वाळवायचा. वाळला की पापुद्रे सुटतात, ते कुटायचे आणि वस्त्रगाळ करायचे. पाचसहा दिवस जातात, आणि ओंजळीने घेतलेल्या नाचणीचं हातात येतं वाटीभर. आमच्याकडे बाळाच्या तोंडात पहिलं अन्न पडतं ते ह्याचं. माझ्या मुलीच्या तोंडात पडलं होतं, माझ्याही पडलं असणार.

आणि हे माझ्या नातीसाठी होतं. मुलगी कॅनडात असते. तिचं बाळंतपण झालं तेव्हा मी जायची ठरली होती, बॅग भरून झाली होती, आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांच्या छातीत स्प्रिंग बसवावी लागली. मी बॅग रिकामी केली. नात मोबाइलवरच पाहिली. तिला मार्चात सहा महिने पूर्ण होणार होते, म्हणजे वरचं अन्न सुरू होणार. आम्ही आखातात असतो, आणि इथे जवळच रुवीत माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच गावात असतो. त्या त्याच्याकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, एक डबा घेऊन जाईन, पण एकच हं, आणि शुक्रवारच्या विमानाआधी आणून द्या. त्या शुक्रवारला अजून साडेतीन आठवडे होते. मला वाटलं, भरपूर झाले.

तयार सत्त्व दुकानात मिळतं हे मलाही माहीत आहे. हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. ह्यांनी सांगितलं, मुलीने सांगितलं, त्या रुवीच्या बाईंनीसुद्धा डबा घ्यायला कबूल होण्याआधी सांगितलं. पण बाळंतपणात ना मी तिला तेल लावलं, ना शेक दिला, ना रात्री बाळ घेऊन बसले. एक वाटी सत्त्व तरी माझ्या हातचं जाऊ दे.

तर ही रेती आली कुठून, ते सांगते.

आम्ही राहतो वादी अदाईला. रुवीहून अमरातकडे जाताना मध्ये डोंगरांच्या बेचक्यात आमची वस्ती. डोंगर कसले, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे कातळ, गवताची काडी नाही. वारा सुटला की त्या बेचक्यातून असा घुसतो की जणू त्याला दुसरी वाटच नाही. आमचं घर दुमजली, वरचा मजला आमचा. त्याच्या गच्चीवर अर्बाबने, म्हणजे घरमालकाने, पूर्वी कधीतरी पत्र्याचं उतरतं छप्पर घातलं, खालच्या खोल्या तापू नयेत म्हणून. चारी बाजूंनी पत्रा, मधोमध उभं राहता येतं, कडेला वाकून चालायचं. आम्ही त्याला माळा म्हणतो. त्याला दोन टोकांना दोन झरोके आहेत, आडव्या पट्ट्यांचे, आणि वर कण्याला एक ती गरगर फिरणारी पत्र्याची टोपी, आतली गरम हवा बाहेर काढायला. तिला मी भिंगरी म्हणते.

वाळवणाला हा माळा म्हणजे देणगी आहे. उघड्या गच्चीवर ठेवलं तर साळुंक्या येतात. घरात ठेवलं तर एसीची थंड हवा आणि माझी मासळी. सत्त्वाला शेजारचा वास फार लवकर लागतो. एकदा घरात वाळवलेलं तर त्याला सुरमईचा वास येत होता. माळ्यावर सावली, ऊब आणि वारा तिन्ही आहेत. वर्षानुवर्षं मी तिथे सांडगे, कुरडया, आमसुलं वाळवत आलेय. थोडी धूळ येते, झटकली की जाते. पण कुरडई झटकता येते. सत्त्व कसं झटकणार? आणि आमच्या इथली धूळ आणि नाचणीचं सत्त्व, दोन्हींचा रंग एकच. डोळ्यांना काही कळत नाही. मोठ्या माणसाच्या दातांना कळतं. जिला दातच नाहीत तिला कशाने कळणार?

पहिल्या तीन थाळ्यांची आम्ही आंबील करून प्यायलो. हे म्हणाले, "कोलगेट लावायची गरज नाही आज."

मी काही हसले नाही.

पहिला उपाय माझा मीच केला. सत्त्व गाळायचं मलमलचं फडकं होतं, धुऊन दोन तुकडे केले आणि दोन्ही झरोक्यांना आतून ताणून बांधले. मला वाटलं, जे दूध गाळतं ते वारा गाळणार नाही का? गाळला ना. एक दिवस गाळला. दुसऱ्या दिवशी फडकं धुळीने असं जड झालं की कंबरेतून वाकलं, आणि दुपारी वाऱ्याने एक कोपरा सोडवून घेतला. मग त्या फडक्यात साठलेली सगळी धूळ एका दमात माळ्यावर. म्हणजे रोज थोडी आली असती ती मी साठवून एकदम आणली.

त्याच संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या संध्याकाळी तिची सकाळ असते. बाळ मांडीवर होतं आणि हिचं तोंड उतरलेलं.

"काय झालं गं?"

"आई, स्नो आलाय अॅटिकमध्ये."

"कशात?"

"अॅटिक. वरती, रूफच्या खाली. तुझा माळा आहे ना, तसा. व्हेंट्समधून स्नो आत येतो. पावडरसारखा असतो, खूप फाइन. वारा आला की आत. मग तो मेल्ट होतो, आणि बेबीच्या रूमच्या सीलिंगला मोठा डाग पडलाय."

ती इथेच वाढली, इंग्रजी शाळेत शिकली, तिचं मराठी हे असंच, अर्ध्या वाटेत चप्पल तुटल्यासारखं. पण मला सगळं समजलं. मी म्हटलं, "अगं, अगदी माझ्यासारखंच झालं की. मला रेती, तुला बर्फ."

"आई, सेम नाहीये. हे सीरियस आहे."

"माझं पण सीरियस आहे."

"तू ते सत्त्व विकत का नाही घेत? इकडे पण रागी मिळते."

मी विषय बदलला. विचारलं, जावईबापू काय करताहेत? तर म्हणे वर चढलेत, झरोक्यांत प्लास्टिकच्या पिशव्या कोंबून टेप लावताहेत. ते ऐकून आमचे हे खुर्चीतून म्हणाले, "बरोबर आहे. भोक आहे म्हणून आत येतं. भोक बंद करायचं. साधी गोष्ट आहे."

हे चाळीस वर्षं देखभालीच्या कामात आहेत. सुरुवातीला इब्रीला होते, मग सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात, आता रुवीत. पाईप, पंप, मोटर, काही असो, ह्यांना कळतं. म्हणून तर घरातली कुठलीही गोष्ट ह्यांना विचारल्याशिवाय करायची सोय नाही, आणि विचारली तर ह्यांना करायला सवड नाही. पण जावयाने केलं म्हटल्यावर सासऱ्याला स्फुरण चढलं. इथे सुट्टी शुक्रवारी, त्या दिवशी सकाळीच टेप, एसीच्या खोक्यातला थर्माकोल आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घेऊन माळ्यावर गेले.

मी खालून म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय."

"गो, एक जिना तो."

"आणि सगळं बंद केलंत तर वाळणार कसं?"

"गरम आहे ना? गरमीने वाळतं. माका शिकवू नको."

हे चिडले की मालवणीत येतात.  दोन्ही झरोक्यांत थर्माकोल, वरून टेप. भिंगरीला बाहेरून काळी पिशवी घालून दोरीने गळा आवळला. ती बिचारी दोन गिरक्या घ्यायला गेली आणि थांबली. हे खाली उतरले ते अशा चेहऱ्याने की मी गोड काहीतरी करावं.

आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. दुसरी नाचणी मी आधीच भिजवली होती. तिचा साका त्याच दिवशी तीन थाळ्यांत पसरून वर ठेवला. त्यानंतर दोन दिवस असा वारा सुटला की समोरचा डोंगर दिसेना, सगळं गढूळ. रस्त्यावरच्या गाड्या दिवसाढवळ्या दिवे लावून जात होत्या. मी खिडकीशी उभी राहून मनात म्हटलं, ये, कुठून येतोस बघू. वर जाऊन दार उघडलंसुद्धा नाही, उगाच धूळ शिरायला नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी हे कामावर गेल्यावर मी माळ्याचं दार उघडलं.

आतली हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसली. आणि वास. ताक विसरलेल्या भांड्याचा असतो तसा आंबूस वास. मी बॅटरी वर मारली तर पत्र्याला आतून घाम. फेब्रुवारीत आमच्या बेचक्यात रात्री गार होतं, पत्रा थंडगार पडतो. थाळ्यांतलं पाणी उबेने वर गेलं, पत्र्याला लागलं, त्याचे थेंब झाले आणि परत खाली पडले. कुठे पडले? थाळ्यांत. साक्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखे खळगे होते, आणि त्या खळग्यांच्या कडेला हिरवट लव. रेती मात्र नव्हती. एक कण नाही. ह्यांचं काम चोख.

मी तीन थाळ्या खाली आणल्या आणि मोरीत ओतल्या. ओतताना मला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो राग, आणि ऐकायला घरात कोणी नाही. शुक्रवारच्या विमानाला आता अकरा दिवस होते.

संध्याकाळी हे आले. मी चहा दिला आणि थाळ्या दाखवल्या. रिकाम्याच, पण वास होता.

"पाणी जास्त राहिलं असेल तुझ्या साक्यात," हे म्हणाले.

"माझ्या साक्यात."

"मग?"

"तीस वर्षं साका काढतेय मी. पत्र्याला घाम आलाय तुमच्या पिशव्यांमुळे. वाफेला बाहेर जायला जागा ठेवलीत का?"

"रेती आली का आत? ते सांग."

"नाही आली."

"मग," म्हणून ह्यांनी चहा प्यायला, जणू निकाल लागला.

एवढ्यात मुलीचा फोन. तिने बाळाचा चेहरा दाखवला नाही, सरळ छत दाखवलं. डाग होता त्याहून मोठा, आणि मधोमध टपटप. खाली बादली. "आई, आम्ही व्हेंट्स बंद केले ना, मग स्नो नाही आला. पण आता सगळीकडे वॉटर. वुड पण ओलं आहे. तो म्हणतो की टेप नीट बसली नाही, अजून टेप लावतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चहाच्या कपात बघत होते.

"अगं थांबव त्याला," मी म्हटलं. "टेप काढायला सांग. खालच्या खोल्यांची ऊब आणि वाफ वर जाते, थंड छपराला लागते आणि गळते. माझ्याकडे आजच झालंय. तुझ्या बापाने हेच केलंय."

"बाबांनी पण?"

"दोघं एका शाळेतले."

ती जराशी हसली, कितीतरी दिवसांनी. मग म्हणाली, "पण उघडलं तर स्नो येणार. मग काय करायचं?"

ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगते, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन सगळ्या पिशव्या, थर्माकोल, टेप ओरबाडून काढलं. मग वाऱ्याने आणलेली धूळ झाडायला गच्चीवर गेले. आणि झाडू हातात घेऊन उभी राहिले. इतकी वर्षं ही गच्ची झाडतेय, पण तेव्हा नीट बघितलं. मोकळ्या गच्चीवर धूळ जवळजवळ नव्हतीच, वारा पुढे घेऊन गेला होता. सगळी धूळ साठली होती पाण्याच्या टाकीच्या मागे. टाकीला आपटून वारा वळतो, तिथे त्याचा जोर मरतो, आणि हातातलं ओझं तिथेच टाकून तो पुढे जातो. लहानपणी खळ्यात आई टोपली डोक्याच्या वर धरून भात वाऱ्यावर सोडायची. भात जड, तो पायाशी पडायचा. पोल, म्हणजे नुसतं टरफल, हलकं, ते दूर जायचं. वारा मंद झाला की आई हात आवरता घ्यायची, कारण मग पोलसुद्धा पायाशीच पडतं. हे मला माहीत होतं. पन्नास वर्षं माहीत होतं आणि मी झरोक्याला फडकी बांधत बसले.

वाऱ्याला अडवायचं नाही. त्याला वळायला लावायचं आणि दमवायचं. म्हणजे तो हातातलं बाहेरच टाकून आत येईल.

खाली कोपऱ्यावर एका सुताराचं दुकान आहे, वसईचा माणूस, आम्ही त्याला मेस्त्रीच म्हणतो. मी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यावर करून दाखवलं. झरोक्याला बाहेरून एक पेटी लावायची. समोरून, वरून, बाजूंनी बंद, उघडी फक्त खालून. वारा खालून शिरेल, वर चढेल आणि मग वळून पट्ट्यांतून आत जाईल. जड असेल ते चढणार नाही.

मेस्त्री म्हणाला, "आंटी, असा आपण कधी केला नाय. पण होईल."

"उद्या होईल?"

"इन्शाल्ला."

"मेस्त्री, तुम्ही चर्चला जाणारे. तुमचं इन्शाल्ला कसलं?"

"आंटी, वीस वर्षं झाली. आता देव पण तेच समजतो."

मंगळवार गेला. बुधवारी विचारलं, इन्शाल्ला. मी तरी मंगळवारी संध्याकाळीच नाचणी भिजत घातली, कारण ती काही मेस्त्रीसाठी थांबणार नव्हती. गुरुवारी फडक्यातून मोड बाहेर डोकावायला लागले आणि मेस्त्रीचा पत्ता नाही. मी त्याच्या दुकानात जाऊन त्याच्या स्टुलावर बसले. म्हटलं, पेटी झाल्याशिवाय उठत नाही. गिऱ्हाइकं येत होती आणि मला मालकीणबाई समजून दर विचारत होती. अर्ध्या तासात त्याने प्लायवूड कापायला घेतलं.

शुक्रवारी (इथे चर्चही सुट्टीच्याच दिवशी भरतं) तो चर्चहून तसाच, इस्त्रीच्या शर्टात, दोन पेट्या खांद्यावर घेऊन आला. आमच्या ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. चार दिवस आम्ही कामापुरतंच बोलत होतो, मीठ द्या, टॉवेल वाळलाय, एवढंच. बाहेरचा माणूस आणून माळ्याचं काम करते म्हणजे ह्यांच्या चाळीस वर्षांवर पाणी. हे सोफ्यावर पेपर घेऊन बसले. आम्ही वर गेलो. मेस्त्रीने ड्रिल काढलं तर मी म्हटलं, थांबा, अर्बाब पत्र्याला नवं भोक पाडू देत नाही, आहेत त्याच पट्ट्यांना तारेने बांधा. तो बांधायला लागला.

जिन्यावर पावलं वाजली. हे वर आले, दारात उभे राहिले आणि पेटीकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता बोला काय ते.

"तोंड लहान आहे," हे म्हणाले.

"कसलं तोंड?"

"पेटीचं, खालचं. तोंड लहान ठेवलं तर वारा शिट्टी वाजवत आत येणार, जोरात. जोरात आला तर सगळं घेऊन येणार. तोंड झरोक्याच्या दुप्पट पाहिजे, मग तो ढिला पडतो." मग मेस्त्रीकडे वळून म्हणाले, "खाली पसरट कर. परकरासारखी."

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "करा. ते म्हणतात ते बरोबर आहे."

बरोबरच होतं ते. राग येतो तो ह्याचाच. हे चार दिवस आधी बोलले असते तर? मग हे भिंगरीखाली जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तुझी खरी चोर ही आहे. वारा जितका जास्त, तितकी ही जोरात फिरते, आतली हवा ओढून बाहेर टाकते, आणि तेवढी हवा झरोक्यांतून आत येणार, रेतीसकट. हिचं अर्धं तोंड झाकलं की पुरे. सगळं नाही, अर्धं."

"सगळं कोणी झाकलं होतं?"

ह्यांनी एक प्लायवूडचा तुकडा मागून घेतला, स्वतः कापला आणि आतून भिंगरीखाली अर्धा सरकवून बांधला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी जाऊन पाणी आणलं आणि स्टूल धरून ठेवलं.

त्या रात्री साका बसला. शनिवारी सकाळी तीन थाळ्या वर गेल्या, ह्या खेपेला थाळ्यांवर एकेक पातळ फडकं, हातभर उंचीवर, दोरीला टांगून, थाळीला न टेकवता. रविवारी सकाळीच वारा उठला. मला वाटलं, दोन दिवस तरी थांबायचं होतंस रे. पण तो काय माझ्या सोयीने येणार? दिवसभर पत्रा दणदणत होता. मी दार उघडून बघितलं नाही, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन तीनदा बसून आले. सोमवारी संध्याकाळी वारा पडला. हे कामावरून आले, डबा ठेवला आणि म्हणाले, "चल, बघू."

आत कोरडी, उबदार हवा होती. वास फक्त नाचणीचा. पत्रा कोरडा. भिंगरी संथ फिरत होती, बैलाने मान हलवावी तशी. टांगलेल्या फडक्यांवर अगदी पुसट पूड होती. ह्यांनी बाहेर जाऊन पेटीच्या तोंडाखाली बघितलं आणि मला हाक मारली. तिथे गच्चीवर मूठ मूठ धुळीचे दोन ढीग, पेट्यांच्या बरोबर खाली.

मी आत आले आणि एक पापुद्रा उचलला. चिमटीत चुरडला. पुढच्या दातांखाली धरला. मग दुसऱ्या थाळीतला. मग तिसऱ्या. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लागतं का काही?"

"थांबा."

तिसऱ्या थाळीच्या कडेला एकदा बारीकसं लागलं. तेवढी कडा मी सुरीने काढून टाकली. बाकी सगळं पिठीसारखं विरघळलं. मंगळवारी पूर्ण वाळलं, बुधवारी कुटून तीनदा वस्त्रगाळ केलं. एक डबा भरला, पाऊण. गुरुवारी हे स्वतः रुवीला जाऊन त्या बाईंना देऊन आले. येताना पानाचा विडा घेऊन आले, माझ्यासाठी. 

मुलीला मी पेटीचं सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून मोबाइलसमोर धरलं. ती म्हणाली, आई, स्नो वेगळा असतो, तो म्हणतो प्रोफेशनलला बोलवूया. बोलवा म्हटलं. मग बोलावलेला माणूस तीन आठवड्यांनी येणार असं कळलं, आणि तोपर्यंत जावईबापूंनी बेबीच्या खाटेच्या खोक्याची लाकडं घेऊन आतल्या बाजूने पेटी केलीच. आतून केली म्हणे, बाहेर बर्फ असतो म्हणून. उंच काठाची, म्हणजे आत आलेला बर्फ तिथेच पडून राहील, पुढे पसरणार नाही, आणि हवा वरून चालू राहील. फोटो पाठवला. वाकडी होती, पण पिशव्या काढल्या होत्या. मी ह्यांना दाखवला. हे चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तोंड लहान आहे."

डबा पोचला. नातीला सहा महिने झाले त्या दिवशी मुलीने आमच्या संध्याकाळी कॉल लावून ठेवला. छतावरचा डाग अजून होता, पण सुकला होता, कडेला तांबूस रेघ राहिलेली. दुधात शिजवलेलं सत्त्व लहान वाटीत, थोडं तूप. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मुलीने चमचाभर नातीच्या तोंडात घातलं.

नातीने ते तोंडात फिरवलं, आमच्याकडे बघितलं आणि सगळं बाहेर ढकललं. हनुवटीवर, गळ्यावर, नव्या झबल्यावर. दुसरा चमचा तर तिने ओठांपाशीसुद्धा येऊ दिला नाही.

 मी विचारलं, "कचकच लागली का गं तिला?"

"नाही गं आई. तिला सवय नाही, इतकंच. उद्या परत देईन."

तिने नातीचं तोंड पुसलं. मग तोच चमचा वाटीत घातला आणि स्वतः एक घास खाल्ला.  मग दुसरा घास. मग बोलत बोलत, नातीला मांडीवर हलवत, सगळी वाटी.

"अगं, ते तिच्यासाठी आहे," मी म्हटलं. "पाऊणच डबा आहे."

"हो गं," ती म्हणाली, आणि वाटीच्या कडेला राहिलेलं बोटाने पुसून घेतलं.

मी मोबाइल ह्यांच्या हातात दिला आणि नाचणी भिजत घालायला उठले.